रंगखाना रस्त्यावरचे पादचारी

रंगखाना रस्त्यावर एकही सायकल चालत नाही, हे वनिता मुसळे यांना महापालिकेच्या जनसुनावणीत कळलं. त्या तिथं सायकलनंच गेल्या होत्या.

"नोंदीप्रमाणे शून्य," उपायुक्त बाई समोरच्या पडद्याकडं बघत म्हणाल्या. "बस आहेत, टेम्पो आहेत, दुचाक्यांचं तर विचारू नका. पादचारी उदंड. सायकल मात्र शून्य. मग सायकलसाठी वेगळी पट्टी आखायची ती कुणाकरता?"

"आमच्याकरता. टेक्स्टाइल पार्कात कामाला जाणाऱ्या आम्ही सगळ्या बायका सायकलनं जातो. माझी खाली लावलीय. बघून घ्या हवं तर."

"ती आवारात आहे, बाई. आपण रस्त्याबद्दल बोलतोय."

उपायुक्त बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, घड्याळाकडं बघितलं नाही, शिपायाला सांगून पाणीसुद्धा दिलं. वनिताबाईंना त्याचाच थकवा आला. भांडायला आलेल्या माणसाला कुणी पाणी दिलं की त्याची निम्मी ताकद तिथंच संपते.

मागणी काही आजची नव्हती. पहिल्या वर्षी निधी नव्हता. दुसऱ्या वर्षी आचारसंहिता होती. तिसऱ्या वर्षी मागणी 'तत्त्वतः मान्य' झाली. मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन "घरी जाऊन कळवतो" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. वनिताबाईंना वाटलं, मान्य झाली. त्यांनी पार्कात पेढे वाटले. आणि आता चौथ्या वर्षी असं निघालं होतं की मागणी, निधी, तत्त्व सगळं जागेवर आहे, सायकलच नाही.

पडद्याशेजारी एक तरुण अभियंता बसला होता. वनिताबाई आत आल्या तेव्हा तो सवयीनं उठून उभा राहिला होता. उपायुक्त बाईंनी वळून बघितल्यावर त्यानं उगीच पंख्याचं बटण तपासलं आणि खाली बसला. त्याचं नाव निनाद सातपुते. तो वनिताबाईंचा जावई.

"यंत्र चुकत नाही का कधी, साहेब?" वनिताबाईंनी जावयाला विचारलं.

"चुकण्याचं प्रमाण अत्यल्प आहे, अर्जदार," जावई टेबलाकडं बघत म्हणाला.

एरवी तो त्यांना आत्या म्हणत असे. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

*

या यंत्राचं नाव भूश्रवण. लोक त्याला नुसतं 'कान' म्हणायचे. भिंतीला होतेच, आता रस्त्यालाही झाले, एवढाच काय तो फरक.

कल्पना साधी होती. इंटरनेटसाठी शहरभर रस्त्यांखाली काचेच्या तारा पुरलेल्या असतात. केसासारखी बारीक काच, आणि तिच्यातून प्रकाश धावतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोट असतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवर आपटून थोडा प्रकाश मागं फिरतो. वरून टेम्पो गेला की जमीन थरथरते, जमिनीबरोबर तार अगदी किंचित ताणली जाते आणि मागं फिरलेल्या प्रकाशात तेवढाच किंचित बदल होतो. प्रकाश परत यायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते, आणि थरथर कशी होती त्यावरून वर कोण होतं ते. म्हणजे नवीन काही न खणता सगळा रस्ता एक लांबलचक कान झाला. रस्ता न खणता एखादं काम झालं, हेच आमच्या शहरात विज्ञानाच्या पुढचं होतं.

मग यंत्राला आवाज शिकवले. बस अशी, टेम्पो असा, दुचाकी अशी, माणसाची पावलं अशी. गाव यंत्रमागांचं, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या मागांची अखंड खटखट आधी वजा करायला शिकवलं. एका जागी एका वेळी सगळ्यांत ठळक जे ऐकू येईल त्याचं नाव लिहायचं, असा नियम ठरला.

यंत्रानं कामही चोख केलं. पाण्याची नळी फुटली की नगरसेवकाच्या आधी यंत्राला कळायचं. सिग्नल गर्दी बघून बदलू लागले. लोकांचा विश्वास बसला तो उगीच नव्हे. हळूहळू महापालिकेत एक नवी म्हण पडली: ऐकू आलं ते आहे, ऐकू आलं नाही ते नाही. माणसांपेक्षा हे बरं, कारण माणसं जे आहे तेही ऐकत नव्हती.

*

त्या आठवड्यात वनिताबाई लेकीकडं जेवायला गेल्या. ऋतुजा आणि निनाद नाक्यापलीकडच्या महापालिकेच्या वसाहतीत राहत. तीन खोल्यांचं क्वार्टर, भूश्रवण कक्षाच्या अभियंत्यासाठी राखीव.

"डॉक्टर काय म्हणाले?" ऋतुजानं विचारलं.

"गुडघा झिजलाय. चालायचं कमी करा म्हणाले. सायकल चालेल, चालणं चालणार नाही."

"तू सायकलनंच तर जातेस."

"जाते की."

"मग सूज कशी उतरत नाही?"

"रस्ताच तसला आहे," वनिताबाई म्हणाल्या आणि भाकरी मोडली.

ऋतुजानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं आमटीकडं बघितलं. मग ठरल्याप्रमाणं तो म्हणाला, "आत्या, आता नोकरी पुरे. सोडून द्या आणि इथं या राहायला. एक खोली आहेच."

"तुमचा मोठेपणा आहे, निनादराव. पण तुम्हाला अडचण."

"अडचण कसली? आनंदच आहे."

दोघंही खोटं बोलत होते, आणि दोघांनाही दुसऱ्याचं खोटं कळत होतं. वनिताबाई पार्कात मेंडिंग खात्यात होत्या. कापडातले सुटलेले धागे, पडलेल्या गाठी बसल्या जागी दुरुस्त करायच्या. काम बैठं होतं, पगार स्वतःचा होता, आणि रंगखाना रस्त्यावरच्या दोन खोल्यांत त्यांना हवं तेव्हा रेडिओ लावता येत होता. नवरा गेल्यावर ही सगळी घडी त्यांनी एकटीनं बसवली होती. जावयाच्या घरी डाळ कुठल्या डब्यात आहे हे विचारून आमटी करायची, या कल्पनेनंच त्यांचा दुसरा गुडघाही दुखू लागे. निनादचंही तेच. सासू घरात असली की जावयाला बनियनवर फिरता येत नाही, आणि बनियनवर फिरणं हा त्याच्या दिवसातला सगळ्यात मोकळा वेळ होता.

पण सायकल थांबली की नोकरी थांबणार आणि नोकरी थांबली की बाड-बिस्तरा इथं येणार. दोघांनाही हे स्वच्छ दिसत होतं. म्हणून दोघं एकमेकांना अजून थोडा भात वाढत राहिले.

*

तो अधिक महिना होता. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे, वर ऐपतीप्रमाणं चांदी.

वनिताबाईंनी अनारसे दिले आणि दारातल्या नव्या सायकलीला हळदकुंकू लावून तिची किल्ली जावयाच्या हातात ठेवली.

"जावयाला सायकल?" त्यांची थोरली जाऊ म्हणाली. "अगं, लोक ताट देतात चांदीचं."

"ताट कपाटात ठेवून देतात. सायकल नुसती ठेवली तर हवा जाते."

निनादला नको म्हणता येईना. अधिकातलं वाण नाकारायचं नसतं, एवढं त्यालाही ठाऊक होतं. वर ऋतुजा म्हणाली, "वाण घरी न्यावं लागतं. मी रिक्षानं पुढं होते, तू ये घेऊन." आणि अनारशांचा डबा घेऊन ती निघूनसुद्धा गेली.

निनाद सायकलवर बसला. घरापासून ओढ्याच्या पुलापर्यंत बरं चाललं होतं. पुलाशी रस्ता अरुंद होतो आणि नाक्यापर्यंत तसाच राहतो. एका बाजूला रंगखान्यांचे टेम्पो उभे, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. मागून एक विजेवरची बस आली. या बसला आवाज नसतो. ती आल्याचं मानेला कळतं. निनादच्या मानेलाही कळलं. पुढून टेम्पो, मागं बस, आणि मध्ये भूश्रवण कक्षाचा प्रमुख. तो खाली उतरला, सायकल हातात धरली आणि गटाराच्या काठानं चालू लागला. नाका आल्यावर परत बसला. घरी गेल्यावर ऋतुजानं विचारलं, "कसा आलास?"

"सायकलनं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यानं गंमत म्हणून आपला प्रवास शोधला. वेळ माहीत होती, रस्ता माहीत होता. पुलापर्यंत यंत्रानं 'सायकल' लिहिलं होतं, पण रंगखाना रस्त्याची मोजणी धरली जायची ती पूल ते नाका एवढीच. पुढं नाक्यापर्यंत लिहिलं होतं, 'पादचारी'.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. पावलांचा ठोका ठळक, बाजूनं नुसत्या लोळणाऱ्या चाकांचा आवाज क्षीण. ठळक ते लिहायचं. नियम त्यानंच घातला होता.

मग त्यानं सकाळची नोंद उघडली. पार्काच्या पाळीच्या आधी पुलावरून नाक्याकडं पादचाऱ्यांची एक लाटच्या लाट जात होती. संध्याकाळी तीच परत. रोज. याच लाटेच्या आधारावर महापालिकेनं रंगखाना रस्त्याला 'चालण्याची आवड असलेला रस्ता' असं प्रशस्तिपत्र दिलं होतं आणि पादचाऱ्यांना दम खायला गटाराकाठी सिमेंटची बाकडी बसवली होती. त्यामुळं रस्ता आणखी हातभर अरुंद झाला होता.

त्या संध्याकाळी तो सासूच्या दारात उभा राहिला.

"आत्या, तुम्ही कामावर कशा जाता?"

"सायकलनं. किती वेळा सांगायचं?"

"पुलापासून नाक्यापर्यंत?"

"सायकलनंच. हातात धरून."

"म्हणजे चालत."

"चालत कसं? सायकल असते की बरोबर." वनिताबाईंना त्याच्या शिक्षणाची काळजी वाटू लागली. "चालत जाणारी निराळी, सायकल धरून जाणारी निराळी. तिथं बसलं तर मरायची पाळी. हसीनाचं मनगट मोडलं तेव्हापासून सगळ्या उतरतो आम्ही."

निनाद पायरीवर बसला. त्यानं त्यांना ठळक आणि क्षीण समजावून सांगितलं. वनिताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चार वर्षं मी चालत अर्ज देत होते," त्या म्हणाल्या.

"नोंदीप्रमाणे, हो."

"आणि आता?"

"नोंद बदलायची तर उतरायचं नाही." तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाला काय करायला सांगतोय. "पण आत्या, ते धोक्याचं आहे. मी तसं म्हणालोच नाही असं समजा."

"समजले," वनिताबाई म्हणाल्या.

*

सोमवारी सकाळी पार्काच्या बायका पुलाशी आल्या आणि उतरल्या नाहीत. वनिताबाई पुढं, हसीना मुल्लाणी त्यांच्या मागं, आणि मागं बाकीच्या. गटाराच्या कडेला बाकडी होती, त्यामुळं त्या रस्त्याच्या मधूनच चालवत होत्या. कुणी घोषणा दिली नाही. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलेलं असताना घोषणा देता येत नाही.

मागं बस, बसमागं टेम्पो, टेम्पोमागं सगळं गाव. सगळे सायकलच्या वेगानं.

"ओ मावशी," एका टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "रस्ता काय बापाचा आहे का?"

"बापाचा असता तर असला अरुंद ठेवला असता का, बाबा?" हसीना मागं न बघता म्हणाली. "चल दमानं. तू पोचशील, आम्हीपण पोचू."

"पाळी चुकंल माझी."

"आमची रोज चुकती."

आठवडाभर असंच चाललं. तिसऱ्या दिवशी एका दुचाकीचा आरसा वनिताबाईंच्या कोपराला लागला. त्या हेलपाटल्या, पण उतरल्या नाहीत. कोपर निळं झालं. गुडघ्याची सूज मात्र उतरू लागली होती, आणि त्यांना याच गोष्टीचं मनातून हसू येत होतं. रात्री झोप नीट लागत नव्हती. हसीना म्हणाली, "वैनी, एक आठवडा म्हणून ठीक आहे. रोज एवढी हिंमत नाही व्हायची. हिंमत लागती तो रस्ता नव्हे."

रविवारी यंत्रानं शिफारस काढली. निनादनं ती वाचली, चष्मा पुसला आणि परत वाचली.

रंगखाना रस्त्यावर पहिल्यांदाच सायकली आढळल्या होत्या. सायकली आल्या त्याच दिवसापासून बाकीची वाहतूक रखडली होती. त्याआधी ती सुरळीत होती. सबब, गर्दीच्या वेळी रंगखाना रस्त्यावर सायकलींना मनाई करावी.

तर्कात खोट नव्हती. दुखणं सापडलं, औषध सापडलं. दुखतंय कुणाला, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

*

अशा शिफारशी आपोआप लागू होत. पण कायद्यानं एक फट ठेवली होती, तिचं नाव 'मानवी हरकत'. कक्षातला अभियंता स्वतःच्या अक्षरात कारण लिहून शिफारस रोखू शकत असे. मग काय करायचं हे त्यानं सुचवायचं आणि त्याची जबाबदारीही त्यानंच घ्यायची. भूश्रवण आल्यापासून अशी हरकत कुणी घेतली नव्हती. यंत्र चुकलं तर ती चूक कुणाचीच नसते. माणसानं यंत्राला एकदा चूक म्हटलं की त्यापुढं जे होईल ते सगळं त्या माणसाचं.

"विचार करून लिहा, सातपुते," उपायुक्त बाई म्हणाल्या. "अर्जदार तुमच्या सासूबाई आहेत, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या हरकतीला काय म्हणतील ते मी सांगायला नको. आणि कक्षाच्या प्रमुखालाच यंत्रावर विश्वास नाही म्हटल्यावर तुम्हाला त्या कक्षात ठेवता येणार नाही. क्वार्टर पदाबरोबर आहे. मी धमकी देत नाहीये, नियम सांगतेय."

"हो, मॅडम. फरक कळतो."

"कळत असेल तर तुम्ही इथले पहिलेच," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोड्या दमलेल्या दिसल्या.

घरी त्यानं ऋतुजाला सगळं सांगितलं.

"लिहिलंस तर हे घर जाणार," ती म्हणाली.

"नाही लिहिलं तर आत्यांची नोकरी जाणार. मग त्या इथं येणार."

"म्हणजे माझी आई इथं येऊ नये म्हणून लिहिणार आहेस तू?"

निनादनं प्रामाणिकपणे विचार केला. "थोडं तेही आहे," तो म्हणाला. "पण त्या दिवशी मी उतरलो ना, तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. आणि यंत्रानं लिहिलं पादचारी. माझ्या घाबरण्याची नोंदच नाही कुठं. त्या बायका वर्षानुवर्षं रोज घाबरल्या आणि आम्ही त्यांना बाकडी दिली."

ऋतुजानं त्याच्यापुढं पेन ठेवलं. मग म्हणाली, "अक्षर सुवाच्य काढ. तुझं वाचता येत नाही कुणाला."

त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मी या रस्त्यानं सायकलवरून गेलो. भीती वाटली म्हणून उतरलो. यंत्रानं मला पादचारी ठरवलं. मी पादचारी नव्हतो, भ्यालेला सायकलस्वार होतो. या रस्त्यावरचे बहुतेक पादचारी तसेच आहेत. यंत्राला जमिनीची थरथर ऐकू येते, माणसाची येत नाही. त्यामुळं ही शिफारस लागू करू नये. बाकडी काढून, टेम्पो उभे करण्यास मनाई करून दोन्ही कडांना सायकलची पट्टी आखावी. जबाबदारी माझी.'

*

पट्टी आखली गेली. प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिन्यांसाठी, पुलाच्या अलीकडं वनिताबाईंच्या दारापासून थेट नाक्यापर्यंत. रंग पांढरा सांगितला होता, आला पिवळा. नगरसेवकांनी नारळ फोडला आणि आपण गेली चार वर्षं या पट्टीसाठी झोपलो नव्हतो, असं भाषणात सांगितलं. वनिताबाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांनी पट्टी मिळाल्यावर ती कुणामुळं मिळाली यावर वाद घालायला त्यांच्यात जोर उरला नव्हता.

निनादची बदली कोंडवाडा विभागात झाली. मोकाट जनावरं पकडायच्या कामात अजून यंत्र आलेलं नव्हतं, तिथं माणसाची गरज होती. क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायचं होतं. शहरात भाडी परवडण्यासारखी नव्हती. ऋतुजानं आईला विचारलं, आई म्हणाली, "त्यात विचारायचं काय, दोन खोल्या आहेत." निनादला कुणी विचारलं नाही. घरजावई हा शब्दही कुणी काढला नाही. थोरल्या जाऊबाईंनी काढला, पण त्या फोनवर होत्या.

सामान आलं त्या दिवशी वनिताबाई कामावर होत्या. संध्याकाळी पाळी सुटली. नाक्यापासून त्या पिवळ्या पट्टीतून सायकल चालवत निघाल्या. शेजारून बस गेली, तिच्या वाटेनं गेली. पूल आला आणि गेला. अंगातला शीण तसाच होता, पण तो दिवसभराच्या कामाचा होता, रस्त्याचा नव्हता. मागं हसीना कुणाला तरी सुनेबद्दल सांगत होती.

घराशी आल्यावर त्यांनी ब्रेक दाबला. दारासमोर पट्टीत एक टेम्पो आडवा उभा होता. टेम्पोत एक कपाट, एक धुण्याचं यंत्र आणि बादलीत खुपसलेले झाडू. कपाटाच्या एका टोकाला हमाल, दुसऱ्या टोकाला बनियनवर घामाघूम झालेला जावई.

निनादनं सासूला बघितलं आणि एका हातानं बनियन झाकायचा प्रयत्न केला. कपाट कलंडलं, हमालानं सावरलं.

"आत्या," तो म्हणाला, "पाचच मिनिटं. हे एवढं कपाट उतरवलं की झालं. तेवढं तुम्ही उतरून बाजूनं..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

मागून सायकली येऊन थांबत होत्या. कुणीतरी घंटी वाजवली. वनिताबाईंनी एक पाय जमिनीवर टेकवला. दुसरा पायडलवरच होता. त्या सीटवरून हलल्या नाहीत. जावयाला अरे-तुरे करायचं नसतं, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं, आणि त्यांनी ते लग्नाच्या बोलण्यांपासून आजपर्यंत पाळलं होतं.

"निनाद," त्या म्हणाल्या, "टेम्पो काढ आधी."

"हो, आत्या," निनाद म्हणाला. त्यानं कपाट रस्त्याकडेला टेकवलं आणि ड्रायव्हरला शोधायला चहाच्या टपरीकडं बनियनवरच पळाला.